रजिस्ट्रीत हात घालावा का? दुकानातल्या संगणकाच्या चार तक्रारी आणि एक तयार फाइल

लग्नपत्रिका_खानापूर

सर्वांना नमस्कार. खानापुरात माझे झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. दुकानात दोन संगणक आहेत आणि दोन्हींवर विंडोज १० आहे. काउंटरवरच्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे आणि आतल्या खोलीतला संगणक राउटरमधून त्याच प्रिंटरवर छापतो. आपल्या भागातील दुकान म्हटल्यावर सकाळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कन्नडमध्ये अर्ज, दुपारी मराठीत लग्नपत्रिका आणि संध्याकाळी इंग्रजीत कोणाचा तरी बायोडेटा असा दिवस जातो. त्यामुळे दोन्ही संगणकांवर तिन्ही भाषांचे कळफलक बसवलेले आहेत.

गेल्या काही महिन्यांत चार तक्रारी उभ्या राहिल्या आहेत. आतल्या संगणकावरून छपाई दिली की ‘०एक्स०००००११बी’ अशी चूक येते आणि प्रिंटर जोडलाच जात नाही. त्याच संगणकाची वीज पावसात एकदा मध्येच गेली. नंतर तो सुरू केला तेव्हा डेस्कटॉपवरच्या सगळ्या पत्रिका नाहीशा झालेल्या होत्या आणि कोपऱ्यात ‘आपण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात’ अशा अर्थाची सूचना होती. काउंटरवरच्या संगणकात गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून काहीतरी शिरले असावे, कारण टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी) उघडायला गेले की ‘प्रशासकाने तो बंद केला आहे’ असे उत्तर मिळते. या दुकानाची प्रशासक मीच आहे आणि मी तो बंद केलेला नाही. चौथी तक्रार किरकोळ वाटेल, पण सर्वांत जास्त वैताग तिचाच आहे: पासवर्ड टाकण्याच्या पडद्यावर आधी कन्नड कळफलक येतो आणि पासवर्ड चुकतो, शिवाय कोरलड्रॉमध्ये पत्रिका रचत असताना अक्षरे अचानक कन्नड होतात.

ओळखीच्या एका मुलाने ‘यावर दोनदा क्लिक करा, रजिस्ट्री दुरुस्त होते, विंडोजची सगळी दुखणी जातात’ असे सांगून एक रेज फाइल, म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या मांडण्यांच्या साठ्यात) बदल करणारी फाइल, पाठवली आहे. मी अजून क्लिक केलेले नाही. या चार तक्रारी रजिस्ट्रीतून खरोखर सुटतात का, आणि सुटत असतील तर माझ्यासारखीने ते काम करावे की दुकान अर्धा दिवस बंद ठेवून संगणक बेळगावला न्यावा?

जुना_हार्डवेअरवाला, शहापूर

ताई, क्लिक केले नाहीत हे फार चांगले केलेत. आधी त्या फाइलचे सांगतो. रेज फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. तिच्यावर उजवे क्लिक करून ‘एडिट’ निवडा, म्हणजे ती नोटपॅडमध्ये उघडेल आणि संगणकात काहीही बदलणार नाही. पहिली ओळ ‘विंडोज रजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००’ अशी असेल. त्याखाली चौकटी कंसात पत्ते दिसतील आणि प्रत्येक पत्त्याखाली नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत अशा ओळी असतील. दोन जागा डोळ्यांत तेल घालून पाहा. कंसाच्या आत पत्त्याच्या आधी वजाचे चिन्ह असेल, तर ती फाइल ती संपूर्ण फांदी तिच्या पोटातल्या सगळ्या नोंदींसकट उडवते. बरोबरच्या चिन्हापुढे नुसते वजा असेल, तर ती एकच नोंद उडते. ज्या ओळीचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही ती ओळ आपल्या संगणकात जाता कामा नये.

आता मूळ प्रश्न. पुढे येणारी नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. विंडोज ३.१ च्या काळात, म्हणजे १९९२ मध्ये, रजिस्ट्री आली तेव्हा तिचे काम मर्यादित होते. विंडोज ९५ पासून मात्र पूर्वी सुट्या आयएनआय फायलींत विखुरलेल्या बहुतेक मांडण्या तिच्यात येऊन बसल्या. रेजएडिट (रजिस्ट्री पाहण्याचा आणि बदलण्याचा विंडोजमधला प्रोग्राम) उघडले की ती एकच मोठी वही असल्यासारखी दिसते, पण तशी ती नाही. यंत्राचा भाग विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधील कॉन्फिग या फोल्डरात सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या फायलींत असतो, तर प्रत्येक वापरकर्त्याचा भाग त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील एनटीयूझर.डॅट या दडवलेल्या फाइलमध्ये असतो. रेजएडिटमध्ये पहिला भाग ‘एचकी लोकल मशीन’ या नावाने दिसतो आणि दुसरा ‘एचकी करंट यूझर’ या नावाने.

हे पुराण मी मुद्दाम लावले आहे, कारण दुरुस्तीची पहिली पायरी त्यातूनच निघते. कोणतीही तक्रार आली की रजिस्ट्री उघडण्याआधी संगणकावर एक नवीन खाते तयार करा, त्यात शिरा आणि तक्रार तिथेही दिसते का ते पाहा. तिथे दिसत नसेल, तर दोष त्या एका वापरकर्त्याच्या भागात आहे आणि यंत्राच्या भागाला हात लावण्याचे कारण उरत नाही. तिथेही दिसत असेल, तर दोष यंत्राच्या भागात आहे, किंवा रजिस्ट्रीत मुळीच नसून ड्रायव्हर, डिस्क अथवा केबल यांत आहे. पाच मिनिटांची ही चाचणी न करता लोक दोन-दोन तास रजिस्ट्रीत भटकतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी बरीच आधी कोणीतरी ‘दुरुस्त’ केलेली असतात, ती याच सवयीमुळे.

दुसरी गोष्ट, रेजएडिटमध्ये ‘जतन करा’ असे बटण नाही आणि केलेला बदल मागे घेण्याचीही सोय नाही. आकडा बदलून ‘ओके’ म्हटले की तो लिहिला गेला. म्हणून ज्या ‘की’मध्ये (रजिस्ट्रीतल्या फोल्डरासारख्या फांदीला ‘की’ म्हणतात) बदल करायचा, तिच्यावर उजवे क्लिक करून ती ‘एक्स्पोर्ट’ करा आणि तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. पण या प्रतीची एक मर्यादा लक्षात असू द्या. ती परत आयात केली की जुन्या नोंदींवर जुन्या किमती येऊन बसतात. मधल्या काळात तुम्ही नव्याने घातलेली नोंद मात्र तशीच राहते, कारण आयात म्हणजे मिसळणे, पुसून पुन्हा लिहिणे नव्हे. म्हणून नवी नोंद घातली असेल, तर तिचे नाव कागदावर लिहून ठेवावेच लागते.

याखेरीज सी ड्राइव्हसाठी ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू करून एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे गरज पडल्यास मागे जाता येईल अशी खूण, तयार करा. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची प्रत स्वतःहून ‘रेजबॅक’ नावाच्या फोल्डरात ठेवत असे आणि आम्ही मंडळी त्या भरवशावर राहत असू. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ते आपोआप होत नाही आणि फोल्डर उघडून पाहिले तर फायली शून्य आकाराच्या निघतात.

तुमच्या चार तक्रारींपैकी तात्पुरत्या प्रोफाइलची सर्वांत आधी हाताळा, कारण तिथे तुमचे काम अडकलेले आहे. घाबरू नका. पत्रिका बहुधा यूझर्स फोल्डरात तुमच्या नावाच्या जुन्या फोल्डरातच आहेत. विंडोजला तुमची एनटीयूझर.डॅट उघडता आली नाही, म्हणून त्याने तुम्हाला रिकामी खोली दिली आहे. त्या रिकाम्या खोलीत काही साठवू नका, कारण बाहेर पडताना ती पुसली जाते. आधी जुन्या फोल्डरातील सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग प्रशासकाचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून शिरून रेजएडिट उघडा आणि लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट या वाटेने जा. तिथे ‘एस-१-५-२१’ ने सुरू होणाऱ्या लांबलचक की दिसतील. त्यांतल्या दोन अगदी सारख्या असतील आणि एकीच्या शेवटी ‘.बॅक’ जोडलेले असेल, तर दुखणे सापडले. दोन्हींमधील ‘प्रोफाइल इमेज पाथ’ ही नोंद वाचा: ‘.बॅक’वाल्या कीमध्ये तुमच्या खऱ्या फोल्डराचा पत्ता असायला हवा. तसा असेल, तर आधी प्रोफाइल लिस्ट एक्स्पोर्ट करा, बिनशेपटीच्या कीच्या नावापुढे ‘.ओल्ड’ जोडा, ‘.बॅक’वालीची शेपटी काढून टाका, तिच्यातील ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ या नोंदी असतील तर शून्य करा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

हे करूनही तात्पुरती खोलीच मिळाली, तर एनटीयूझर.डॅट स्वतःच बिघडलेली आहे असे समजावे. मग तिच्यामागे न लागता नवे खाते उघडून फायली त्यात आणाव्यात. अचानक वीज जाणे हे कारण असल्याने डिस्कचीही ‘चेकडिस्क’ने तपासणी करून घ्या. आणि एक छोटा यूपीएस घ्या. खानापूरचा पाऊस मला चांगला ठाऊक आहे.

वेगवान_पीसी, चिकोडी

इतका खटाटोप कशासाठी, असा माझा नम्र प्रश्न आहे. मी गेली अनेक वर्षे महिन्यातून एकदा रजिस्ट्री साफ करणारे सॉफ्टवेअर चालवतो. प्रत्येक वेळी ते शेकडो चुका शोधते आणि एका बटणात दुरुस्त करते. माझा संगणक उत्तम चालतो. या ताईंनीही तेच करावे.

प्रयोगशाळा_निपाणी

चिकोडीच्या मित्रांशी मी सहमत नाही. ते सॉफ्टवेअर ज्यांना ‘चुका’ म्हणते त्या बहुतेक काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या मागे राहिलेल्या नोंदी असतात. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात आणि विंडोज हवी ती नोंद तिच्या पत्त्यावरून थेट गाठते. गोदामात चार रिकामे खोके जास्त आहेत म्हणून हवा तो खोका शोधायला वेळ लागतो असे नाही, कारण प्रत्येक खोक्याचा फळीक्रमांक ठरलेला असतो. त्यामुळे शेकडो नोंदी काढून वेग वाढत नाही. उलट शेकडोंपैकी एखादी उपयोगाची निघाली, तर काय बिघडले हे कळायला मार्ग राहत नाही, कारण आपण एकाच वेळी शेकडो बदल केलेले असतात. मायक्रोसॉफ्टनेही असे क्लीनर वापरण्यास आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केलेले आहे. महिन्यातून एकदा तुमचा संगणक ज्याने जलद होतो ते बहुधा त्याच सॉफ्टवेअरने केलेली टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फायलींची सफाई असावी, आणि ते काम विंडोजच्या सेटिंगमध्ये स्टोरेज या ठिकाणी विनामूल्य होते.

आता ताईंच्या उरलेल्या तक्रारींकडे वळतो. मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहतो. आमच्याकडेही विद्यार्थी कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही कळफलक वापरतात, त्यामुळे कळफलकाची तक्रार माझ्या रोजच्या परिचयाची आहे.

शहापूरच्या सरांनी सांगितलेली नव्या खात्याची चाचणी इथे थोडी फसवते, कारण पासवर्डचा पडदा कोणत्याच खात्याचा नसतो. कोणी आत शिरलेलेच नसताना विंडोज जी मांडणी वापरते ती ‘एचकी यूझर्स’ या भागात ‘.डिफॉल्ट’ या कीखाली असते. नावावरून हा नव्या वापरकर्त्यांचा साचा वाटतो, पण तो तसा नाही. त्याच्याखाली ‘कीबोर्ड लेआउट’ आणि मग ‘प्रीलोड’ उघडा. उजवीकडे १, २, ३ अशा नावांच्या नोंदी दिसतील. त्यांच्या किमती भाषांच्या संकेतांकांच्या असतात: मराठी ‘०००००४४ई’, कन्नड ‘०००००४४बी’, अमेरिकी इंग्रजी ‘०००००४०९’ आणि भारतीय इंग्रजी ‘००००४००९’. तुमच्याकडे १ या नोंदीत ‘४४बी’ असणार. तिथे इंग्रजीचा संकेतांक आणि कन्नडचा खाली २ किंवा ३ मध्ये लिहिला, की पासवर्डच्या पडद्यावर आधी इंग्रजी येईल.

हे सांगितले खरे, पण तसे करू नका. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ उघडून ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ या पानावरील ‘कॉपी सेटिंग्ज’ या बटणाने आपल्या खात्यातील भाषांचा क्रम स्वागताच्या पडद्याला लागू करता येतो. आधी स्वतःच्या खात्यात इंग्रजी पहिली करा, मग ते बटण दाबून ‘वेलकम स्क्रीन’ची चौकट निवडा. विंडोज तीच नोंद स्वतः लिहिते आणि तिच्याशी निगडित इतर नोंदीही सांभाळते. जिथे सेटिंगमध्ये बटण आहे तिथे रजिस्ट्रीत जाऊ नये, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे.

कोरलड्रॉमध्ये अक्षरे कन्नड होतात त्याचे कारण वेगळे आहे. आकृतींवर काम करताना आपण ऑल्ट आणि शिफ्ट या कळा वारंवार दाबतो आणि नेमका ऑल्ट-शिफ्ट हाच भाषा बदलण्याचा ठरलेला संकेत आहे. तो ‘ॲडव्हान्स्ड की सेटिंग्ज’मधून काढता येतो. रजिस्ट्रीत तो करंट यूझरखाली ‘कीबोर्ड लेआउट’मधील ‘टॉगल’ या कीमध्ये असतो आणि तिथे १ म्हणजे ऑल्ट-शिफ्ट, २ म्हणजे कंट्रोल-शिफ्ट आणि ३ म्हणजे काहीही नाही, असा अर्थ आहे. ३ ठेवा आणि भाषा बदलायला विंडोज कळ व स्पेसबार वापरा. जाता जाता एक खुलासा करतो, कारण आपल्या भागात हा घोळ नेहमी होतो: जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये टंकलेली, युनिकोड नसलेली फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात, ती कळफलकाची चूक नव्हे आणि तिला रजिस्ट्रीत औषधही नाही. तो फॉन्ट बसवावा लागतो किंवा मजकुराचे रूपांतर करावे लागते.

टास्क मॅनेजरचे म्हणाल, तर करंट यूझर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम या ठिकाणी ‘डिसेबल टास्क मॅनेजर’ या अर्थाची ‘डिसेबल-टास्क-एमजीआर’ नावाची नोंद असेल आणि तिची किंमत १ असेल. ती उडवली की टास्क मॅनेजर सुरू होतो. पण क्रम महत्त्वाचा आहे. विषाणू जिवंत असताना नोंद उडवली, तर तो ती पुन्हा लिहितो आणि आपण रात्रभर तोच खेळ खेळत बसतो. आधी विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या विषाणूरोधकाचा) ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. त्यात संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि साधारण १५ मिनिटे लागतात. त्यानंतर नोंद उडवा. मग लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन या कीमध्ये ‘शेल’ या नोंदीत नुसते ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ आहे आणि ‘यूझरइनिट’ या नोंदीत सिस्टिम३२ मधील यूझरइनिटचा पत्ता व शेवटी स्वल्पविराम एवढेच आहे याची खात्री करा. तो स्वल्पविराम चुकून पडलेला नाही, तो तिथे असायचाच असतो. त्याच्या पुढे आणखी एखाद्या फाइलचे नाव असेल, तर संशय घ्या.

गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हवरची फोल्डरे ‘शॉर्टकट’ झालेली दिसत असतील, तर मूळ फोल्डरे दडवलेली असतात आणि ‘ॲट्रिब’ या आज्ञेने परत दिसतात. तेही रजिस्ट्रीचे काम नव्हे. शेवटी, रोजच्या कामासाठी काउंटरवरच्या खात्याचे प्रशासकीय अधिकार काढून घ्या आणि प्रशासकाचे खाते वेगळे ठेवा.

जुना_हार्डवेअरवाला, शहापूर

निपाणीच्या सरांनी माझे निम्मे काम केले. छपाईचे राहिले होते ते मी सांगतो. ‘११बी’ ही चूक सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा-सुधारणांनंतर ठिकठिकाणी दिसू लागली. छपाईच्या जाळ्यावर होणारा एक संभाव्य हल्ला रोखण्यासाठी, प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला आहे त्याने येणाऱ्या संभाषणाची कडक तपासणी करावी, असे त्यात ठरवले गेले आणि छोट्या कार्यालयांतील वाटून घेतलेले प्रिंटर अडले. प्रथम दोन्ही संगणक पूर्ण अद्ययावत करून आणि दोन्हींवर एकाच आवृत्तीचा ड्रायव्हर बसवून पाहा.

इंटरनेटवर यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो तो असा: प्रिंटरवाल्या संगणकाच्या लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, प्रिंट या कीमध्ये ‘आरपीसी-ऑथएन-लेव्हल-प्रायव्हसी-एनेबल्ड’ नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद तयार करायची, तिची किंमत शून्य ठेवायची आणि ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) पुन्हा सुरू करायचा. हा उपाय चालतो. पण त्याचा अर्थ एवढाच की दाराला बसवलेली नवी कडी आपण काढून ठेवली. तुमच्या राउटरचा वायफाय पासवर्ड गिऱ्हाइकांना देत असाल, तर मी हा उपाय करू देणार नाही. बहुतेक लोक ही नोंद आतल्या संगणकावर घालतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून परत येतात, तीही चूक करू नका. त्याआधी प्रिंटरच्या पाठीमागे एकदा बॅटरी मारून पाहा. तिथे नेटवर्कच्या केबलचे चौकोनी तोंड असेल, तर प्रिंटर सरळ राउटरला जोडा आणि दोन्ही संगणकांवर त्याच्या आयपी पत्त्याने बसवा, म्हणजे एक संगणक दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचा प्रश्नच येत नाही.

लग्नपत्रिका_खानापूर

दोघांचीही मी आभारी आहे. रविवारी दुकान बंद ठेवून सगळे केले, ते इथे क्रमाने लिहिते.

ती तयार फाइल नोटपॅडमध्ये उघडली. मेनू पटकन उघडावा म्हणून ‘मेनू शो डिले’ ४०० वरून शून्यावर आणणारी ओळ समजली. ती निरुपद्रवी वाटली. पण खाली विंडोज अपडेटची सेवा बंद करणारी ओळ होती, डिफेंडरला गप्प करण्याची नोंद होती आणि कंसात वजाचे चिन्ह असलेले तीन पत्ते होते. फाइल उडवली आणि त्या मुलालाही कळवले. त्याने ती स्वतःच्या संगणकावर चालवलेली आहे.

तात्पुरत्या प्रोफाइलचे वर्णन तंतोतंत जुळले. ‘.बॅक’वाल्या कीमध्ये माझ्या फोल्डराचा पत्ता होता आणि दुसरीत ‘टेम्प’ नावाचा फोल्डर होता. नावे बदलून संगणक सुरू केला आणि सगळ्या पत्रिका जागच्या जागी दिसल्या. एका वधूपित्याचा फोन त्याच वेळी आला होता, त्यामुळे तो क्षण माझ्या चांगला लक्षात राहील.

टास्क मॅनेजरला मात्र दुपार गेली. ऑफलाइन स्कॅनमध्ये दोन गोष्टी सापडल्या आणि निघाल्या. त्यानंतर मी आपल्या सल्ल्याप्रमाणे आधी काउंटरच्या खात्याचे अधिकार काढले आणि मग त्या खात्यातून रेजएडिट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडले. त्याने प्रशासकाचा पासवर्ड मागितला, तो दिला आणि सांगितलेल्या वाटेने गेले, तर तिथे ती नोंदच नाही. टास्क मॅनेजर मात्र अजून बंदच. नवे खाते उघडून पाहिले, तर तिथे तो व्यवस्थित चालतो, म्हणजे दोष काउंटरच्या खात्यातच आहे. मग नोंद कुठे गेली?

प्रयोगशाळा_निपाणी

ताई, इथे माझी चूक झाली. अधिकार शेवटी काढा असे मी स्पष्ट लिहायला हवे होते. आपण प्रशासकाचा पासवर्ड दिलात तेव्हा रेजएडिट प्रशासकाच्या नावाने उघडले आणि त्यातील ‘करंट यूझर’ म्हणजे प्रशासक, काउंटरचे खाते नव्हे. आपण शेजारच्या घराचे कपाट तपासत होता. काउंटरच्या खात्यातच साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूॲमआय’ ही आज्ञा ‘/यूझर’ जोडून द्या, म्हणजे त्या खात्याचा ‘एस-१-५-२१’ ने सुरू होणारा क्रमांक मिळेल. मग रेजएडिटमध्ये ‘एचकी यूझर्स’ या भागात त्याच क्रमांकाची की उघडा आणि तिथून सॉफ्टवेअरपासूनची तीच वाट धरा. खाते चालू असेपर्यंत ती की तिथे दिसते.

लग्नपत्रिका_खानापूर

सापडली आणि उडवली. टास्क मॅनेजर उघडला. ‘यूझरइनिट’मध्ये स्वल्पविरामानंतर काहीही नाही.

कळफलकाचे काम ‘कॉपी सेटिंग्ज’ने दोन मिनिटांत झाले. ऑल्ट-शिफ्टचा संकेत सेटिंगमधूनच काढला. त्यानंतर सोमवारपासून चार पत्रिका रचल्या, एकाही पत्रिकेत नवरदेवाचे नाव मध्येच कन्नड झालेले नाही.

प्रिंटरच्या मागे खरोखरच केबलचे तोंड होते. कारखान्यातून लावलेली चिकटपट्टी त्यावर तशीच होती, तीन वर्षे मी तिला झाकण समजत होते. प्रिंटर राउटरला जोडला आणि दोन्हीकडून छपाई सुरू झाली.

सरांनी सांगितल्याप्रमाणे बदलांचा कागद करून काउंटरच्या खणात ठेवला आहे. त्यावर तारखेसह दोन ओळी आहेत: प्रोफाइलची आणि टास्क मॅनेजरची. तिसरी प्रिंटरच्या नोंदीची आधीच लिहून ठेवली होती, ती खोडली.